थरथर, लटपट आणि आमची जीप

आमच्या घरात पाच जण आहेत: आई, पत्नी, मुलगी, मी आणि जीप. जीपला घरच्या माणसांत धरण्याची रीत माझ्या वडिलांनी पाडली. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याकाठच्या कच्च्या वाटांवर जीपमध्ये बसून त्यांचे निम्मे आयुष्य गेले. पुढे १९८८ साली एका सरकारी लिलावात त्यांनी एक थकलेली जीप विकत घेतली. आईच्या पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. ‘पाटल्या कपाटात राहिल्या असत्या, ही दारात राहील,’ असे वडील म्हणाले म्हणे. ती दारात राहिली हे मात्र खरे. वडील जाऊन सहा वर्षे झाली, तरी ती आहेच.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्र म्हटले की त्याचे लिंग, वचन आणि विभक्ती एवढेच मला सांगता येते. जीप चालवायला वडिलांनी शिकवले, पण तिच्या पोटात काय चालते ते शिकून घेण्याची मला कधी इच्छा झाली नाही. त्या आळसाची किंमत गेल्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी भरावी लागली असती. थोडक्यात निभावले, म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

तुळजापूरच्या रस्त्यावर

सोलापूरकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. कोजागिरीला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी आमच्या गावातून हजारो माणसे पायी निघतात. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या घरात. आई तरुणपणी दरवर्षी चालत जाई. आता तिला पंचाहत्तरावे लागले आहे, म्हणून गर्दीच्या आदल्या दिवशी तिला जीपमधून न्यावे असे ठरले. मागे पत्नी आणि मुलगी, पुढे माझ्या शेजारी आई. रस्त्याच्या कडेने पायी जाणाऱ्यांचे पहिले जथे दिसू लागले होते.

तामलवाडीच्या अलीकडे एका लहान पुलावर डावे चाक सांध्यावर आदळले. गाडीचा वेग साठाच्या आसपास होता. एरवी असा धक्का बसतो आणि विसरला जातो. ह्या वेळी तो विसरला गेला नाही. स्टिअरिंग एकदा डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक फेरीला जास्तच जोराने. पाहता पाहता ते हातांतून सुटण्याइतके उसळू लागले. पुढची दोन्ही चाके पिसाळल्यासारखी डावी-उजवी फडफडत होती. काच, दिवे, बॉनेट, आमचे दात, सगळेच वाजत होते. घाबरून मी ब्रेकवर उभा राहिलो. त्याने ते अधिकच वाढले. जीप रस्ता सोडून कडेला ओढली गेली. तिथे एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन दगडावर पाणी पीत बसली होती.

मागून पत्नी ओरडली, ‘अहो, सोडा तो ब्रेक!’ मी पाय काढला. वेग आपोआप उतरत गेला, आणि वीस-पंचवीसवर आल्यावर कोणी हात धरून थांबवावे तशी ती फडफड थांबली. जीप उभी राहिली तेव्हा त्या म्हातारीत आणि बंपरमध्ये पाच-सहा हातांचे अंतर होते. ती उठली, नातवंडांच्या डोक्यांवरून तिने हात फिरवला, आणि काही न बोलता चालू लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुझ्या वडिलांच्या हातात ही असं कधी करत नव्हती.’ आणि खाली उतरली. पुढचा प्रवास तिने एस.टी.ने केला. ‘ह्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही,’ हे तिचे त्या दिवसाचे शेवटचे वाक्य.

चौदा हजारांचे औषध

दोष त्या दिवशी अचानक उपटला होता असे नाही. महिनाभर आधी स्टिअरिंग अधूनमधून थडथडू लागले होते. तेव्हा मी गाडी एका चकचकीत कारखान्यात नेली. तिथल्या तरुणाने विचारले, ‘काय प्रॉब्लेम आहे सर?’ मी म्हणालो, ‘स्टिअरिंग हलते.’ एवढ्या निदानावर औषधोपचार सुरू झाले. पुढचे दोन टायर नवे झाले, चाकांचा तोल साधला गेला, अलाइनमेंट झाले, आणि शेवटी स्टिअरिंगच्या दांड्याला एक डँपर बसवला गेला. डँपर म्हणजे तेल भरलेला एक दट्ट्या. दांडा वेगाने हलू लागला की तो त्याला अडवतो. बिल चौदा हजारांचे झाले. थडथड थांबली. मी खूष झालो.

पण ताप आला म्हणून अंगावर ओले फडके टाकले, आणि ताप कशाने आला ते पाहिलेच नाही, असा तो प्रकार होता. दट्ट्याने लहान धक्के गिळले. त्यामुळे आत वाढत चाललेला ढिलेपणा मला कळेनासा झाला. पुलावरचा धक्का मात्र त्याला गिळता आला नाही. मी तेव्हा त्या तरुणाला मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. आता वाटते, त्याच्याइतकाच मीही चुकलो. रोग्याने ‘दुखते’ एवढेच सांगितले, तर वैद्य तरी काय करणार?

वस्तादांचा पहिला प्रश्न

अक्कलकोट रस्त्याला एका लिंबाच्या झाडाखाली एक जुने गॅरेज आहे. मालकाला सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. वडिलांची जीप ते ओळखत होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारले, ‘काय होतंय सर हिला?’

‘हलते,’ मी पुन्हा तेच म्हणालो.

‘हलतंय तर सगळंच की वो! कसं हलतंय ते सांगा. थरथरतंय, लटपटतंय, भरकटतंय, का एका अंगाला वढतंय? तुम्ही मराठीचे मास्तर ना?’

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात शब्दांच्या छटा समजावून देत आलो आहे. पण छटा चुकली तर जीव जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी लिंबाखाली कळले. वस्तादांनी चार क्रियापदांचे जे अर्थ सांगितले ते मी जसेच्या तसे देतो, कारण ते कोणत्याही गाडीवाल्याला उपयोगी पडतील.

थरथर ही बारीक असते. ती ठराविक वेगाला येते. वेग त्याहून वाढवला किंवा कमी केला तर ओसरते. रस्ता गुळगुळीत असला तरी ती यायचीच. तिचे मूळ बहुधा चाकातच असते: तोल बिघडलेला, टायरला फुगवटा आलेला, रिम वाकलेली, किंवा नुसता रिमच्या आत वाळलेला चिखल.

लटपट ही धक्क्याने सुरू होते आणि स्वतःच स्वतःला वाढवत जाते. वेग पार उतरेपर्यंत ती थांबत नाही. तिचे मूळ सांध्यांच्या ढिलेपणात असते.

भरकटणे म्हणजे सरळ रस्त्यावरही गाडी हळूहळू डावी-उजवी जाणे आणि चालकाने सतत तिला सावरत राहणे. तिथे स्टिअरिंगच्या पेटीकडे, दांड्यांकडे आणि चाकांच्या कलाकडे पाहायचे.

ओढणे म्हणजे नेहमी एकाच बाजूला जाणे. दोन टायरांतली हवा कमीजास्त असेल, एका चाकाचा ब्रेक धरून बसला असेल, किंवा एका बाजूचा पाटा बसला असेल.

‘आमची लटपट,’ मी म्हणालो. ‘मग टायर कशाला बदलले?’ वस्ताद म्हणाले. मी निरुत्तर.

भोवरा आणि सायकलचे चाक

लटपट जीपलाच इतकी का छळते, ह्याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. अमेरिकी सैन्यासाठी १९४० साली ह्या गाडीची कल्पना निघाली. महायुद्धात विलिज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विलिजच्या परवान्याने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ विलिजने १९५३ साली काढली. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे तिच्याच घडणीच्या जीपगाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि १९७२ साली दुष्काळ आला. त्या दोन्ही काळांत आमच्या जिल्ह्याच्या खेड्यांना सरकार दिसले ते बहुधा जीपमधून उतरताना.

ह्या गाडीची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना असतात. खडकाळ वाटेवर अशी मजबुती हवीच. पण त्यामुळे एक चाक उचलले गेले की सगळा आस कलतो, आणि दुसरे चाकही त्याबरोबर कलते. आता फिरते चाक कलले की काय होते? वस्तादांनी माझ्या मुलीला तिच्या सायकलचे पुढचे चाक काढून दोन्ही हातांनी आसाला धरायला लावले, जोरात फिरवले आणि म्हणाले, ‘आता जरा तिरकं कर बाळ.’ तिने तिरके केले, तर चाक आपणहून बाजूला वळले. ‘बाबा, हे हातातून पळतंय!’ ती ओरडली. भोवऱ्याच्या अंगी असते तीच ही खोड.

जीपच्या चाकालाही ती खोड आहे. धक्क्याने आस कलला की चाके वळू पाहतात. ती सरळ राहावीत म्हणून ज्या खुंट्यांवर ती वळतात, त्या किंगपिनांना वरच्या टोकाशी किंचित मागे कललेले ठेवतात. ह्या कलाला कास्टर म्हणतात. दवाखान्यातल्या ढकलगाडीचे लहान चाक ओढले की आपोआप मागे येते, तसाच हा परिणाम. वळलेले चाक कास्टरमुळे सरळ होऊ लागते. सांधे घट्ट असतील तर गोष्ट तिथेच संपते. ते ढिले असतील तर चाक सरळ होऊन थांबत नाही, पलीकडे जाते. तिथून परत येते, पुन्हा पलीकडे जाते. प्रत्येक फेरीला धावत्या गाडीचा जोर त्यात भर घालतो. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला थोडा धक्का द्यावा तसे.

ह्या दुखण्याला इंग्रजीत ‘शिमी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा, खांदे थरथरवण्याचा तो एक अमेरिकी नाच. ब्रुलिए नावाच्या फ्रेंच इंजिनियराने १९२५ साली ह्या शिमीची शास्त्रीय मीमांसा केली. जनरल मोटर्सने १९३४ साली आपल्या मोटारींत पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र टांगली. त्यामागे जी कारणे होती, त्यांत हे लटपटणेही होते. आजच्या बहुतेक मोटारींत चाके तशीच असतात, म्हणून हा नाच त्यांच्या मालकांच्या वाट्याला सहसा येत नाही.

दोष शोधण्याची रीत

वस्तादांनी पाना हाती घेण्याआधी तासभर नुसते पाहिले. ‘स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही,’ हा त्यांचा नियम.

प्रथम हवा मोजली. मग चाकांचे नट पाहिले. मग पुढचे चाक उचलून, खडू एका जागी धरून ते फिरवले. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली, म्हणजे रिम सरळ. मग पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश पाहिले. कोणी गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल घातले असतील तर किंगपिनांचा कल बिघडतो, तेही पाहिले. आमचे जुनेच होते.

मग जीप जमिनीवर उभी ठेवून मुलीला स्टिअरिंगवर बसवले. ‘थोडं थोडं डावं-उजवं कर, दूध घुसळल्यासारखं,’ असे तिला सांगितले आणि वस्ताद खाली सरकले. प्रत्येक सांध्यावर ते बोट आडवे ठेवीत होते: अर्धे बोट एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर. ‘डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतंय.’ मलाही त्यांनी खाली बोलावले. जुन्या जीपमध्ये स्टिअरिंगची पेटी चाकांना थेट जोडलेली नसते. पेटीतून एक दांडा निघतो, तो मध्यभागी एका खिळीवर फिरणाऱ्या कोपऱ्याच्या तुकड्याला हलवतो, आणि त्या तुकड्यातून दोन दांडे दोन चाकांकडे जातात. त्या तुकड्याचे नाव बेल क्रँक. मी बोट ठेवले. दांडा हलत होता, पण खिळीपाशी तुकडा आधी स्वतःच डुलत होता आणि मग कामाला लागत होता.

नंतर डावे चाक जॅकवर घेतले. वस्तादांनी ते वर आणि खाली धरून हलवले. ते हलले. आता हा ढिलेपणा चाकाच्या बेअरिंगचा, की किंगपिनाचा? त्यांनी मला ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा वळणारा भाग एकजीव होतात. चाकाच्या बेअरिंगमधला दोष असेल तर हलणे थांबते. आमचे थांबले नाही. म्हणजे दोष मागच्या किंगपिनाच्या बेअरिंगात. इतकी साधी, इतकी सुरेख परीक्षा! तर्कशास्त्राच्या एखाद्या पुस्तकात घालावी अशी.

शेवटी दांडा सोडवला, आतले तेलाचे सील काढले, आणि वळणाऱ्या हाताच्या टोकाला भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला. जीपच्या जुन्या माहितीपुस्तकात हा आकडा दिलेला आहे: सील काढून १२ ते १६ पौंड, म्हणजे साडेपाच ते सव्वासात किलोंच्या दरम्यान जोर लागला पाहिजे. आमचे उजवे चाक तीन किलोंना वळले. डावे एका किलोला. बेअरिंग चांगली असतील तर खालच्या-वरच्या पातळ पत्र्यांपैकी एखाददुसरी काढून घट्टपणा आणता येतो. आमच्या बेअरिंगांच्या वाट्यांत खळगे पडले होते, म्हणून ती बदलावी लागली.

‘आणि स्टिअरिंगची पेटी?’ मी विचारले. ‘तिला हात लावायचा नाही. सगळे आधी तिचाच नट आवळतात. ती जड होते, दोष तिथंच राहतो.’

वडिलांची वही

बेल क्रँकचा तुकडा काढल्यावर वस्तादांनी तो माझ्या हातात दिला. ग्रीस भरायच्या तोंडात चिखल दगडासारखा बसला होता. आतली खीळ कोरडी पडून एका बाजूने झिजली होती. ‘किती वर्षं ग्रीस नाही घातलं?’ त्यांनी विचारले.

वडिलांची एक वही माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी तीत एक ओळ लिहिली आहे: ‘ते. पा. ह. बे. क्रँ. ग्री.’ ते म्हणजे तेल, पा म्हणजे पाणी, ह म्हणजे हवा, इथपर्यंत मला लागले होते. ‘बे. क्रँ. ग्री.’ मला कधी लागले नाही. जुन्या बखरींतले संक्षेप उलगडण्यात मी महिने घालवले आहेत. हा एक संक्षेप मी घरात, त्यांच्या हयातीत, कोणालाही विचारला नाही. शेवटची ओळ सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतर बेल क्रँकला ग्रीस मिळाले नव्हते. गाडीने तुळजापूरच्या रस्त्यावर जे केले, ते त्या कोऱ्या पानांवर आधीच लिहिलेले होते.

किंगपिनांची बेअरिंगे आणि बेल क्रँकची खीळ नवी बसली. मग चाकांचा टो-इन मोजला: पुढच्या बाजूला दोन टायरांतले अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे, ह्या जीपला जेमतेम एक ते अडीच मिलिमीटर. खडूच्या खुणा आणि टेप, एवढ्यावर ते जमले. सगळ्याला मिळून पहिल्या बिलाच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

वस्तादांनी डँपर मुद्दाम काढून ठेवला. ‘हा नसताना गाडी सरळ गेली पाहिजे. मग पाहिजे तर लावा. काठी चालायला मदत करते. मोडका पाय झाकायला नसते.’ आम्ही दोघेच त्या पुलावर गेलो. चाळीस, पन्नास, साठ. सांध्यावर एक धक्का बसला, स्टिअरिंग एकदा हलले आणि जागेवर आले. मी तीनदा फिरून तोच सांधा ओलांडला.

मोटार चालवणाऱ्या सर्वांना एवढेच सांगणे. लटपट सुरू झालीच तर ब्रेकवर उभे राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट पण न झगडता धरा, आणि वेग उतरू द्या. त्यानंतर गाडी तशीच पुढे दामटू नका. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘हलते’ म्हणू नका. केव्हा, किती वेगाला, कोणत्या धक्क्याने, कशी, हे सांगा. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांचा तोटा नाही.

आई महिनाभर बधली नाही. मग एका रविवारी सकाळी मी आणि मुलगी जीपखाली असताना ती ओट्यावर येऊन उभी राहिली. मुलीच्या हातात ग्रीसची पिचकारी होती आणि वही उघडी पडली होती. वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली, सहा वर्षांची जागा न सोडता, तिने तारीख घालून लिहिले होते: ‘ते. पा. ह. बे. क्रँ. ग्री.’ आईने ते वाचले. काही वेळाने चपला घालून आली आणि पुढच्या सीटवर बसली.

‘सिद्धेश्वरापर्यंत चल,’ ती म्हणाली. ‘तुळजापूरचं पुढे बघू.’